विरजण

पहाटे दोनला भट्टी पेटवते मी.
पुलाखालून नाइसे नदी जाते, पलीकडे पोलंड,
दोन्हीकडे त्या वेळी एकसारखाच अंधार.

टीलोची आई म्हणाली, हानेलोरेबाई, ठेवून घ्या याला.
रात्ररात्र फोनला चिकटलेला असतो
आणि सकाळी उठतो तो
माझ्या ओळखीचा नसतो.

सतरा वर्षांचा. बूट नवे, लेस पांढरी.
मनगटावर बॉलपेनने काढलेला एक आकडा.
मी वाचला. विचारलं नाही.
"हात कोपरापर्यंत धू," एवढंच म्हटलं.

पहिला महिना तो बोलायचा, मी पीठ चाळायचे.
कोण आले, कोणी आणले, कुणाला हाकलायचं,
सगळं तोंडपाठ. मधला श्वाससुद्धा
दुसऱ्याच कुणीतरी ठरवून दिलेल्या जागी.
कान भरलेल्या पोराशी वाद घालू नये.
चाळीस किलो कणीक दिली मळायला.

दोनला उठायचं तर आठला झोपावं लागतं.
त्यांची खरी सभा अकराला भरते, पडद्यावर,
हे मला ठाऊक नव्हतं.
उगाच शहाणपण कशाला सांगू,
मला फक्त मदतनीस हवा होता.

मार्चमध्ये त्याने विचारलं, हे विरजण कुठलं?
म्हटलं, आईचं. पंचेचाळीसच्या जानेवारीत
ब्रेसलाउहून चालत निघाली ती,
बरणी कोटाच्या आत, पोटाशी, गोठू नये म्हणून.
याच गल्लीत लोकांनी दारं लावून घेतली.
"आले पोलंडवाले," म्हणाले तिला.
टीलो काही बोलला नाही.
बरणीचं झाकण जरा हळू लावलं त्याने,
की मलाच तसं वाटलं.

एप्रिलमध्ये अकरा दिवस आला नाही.
शनिवारी चौकात मोर्चा होता, मशालींसकट.
मी बघायला गेले नाही.
ज्याला शोधतेय तो दिसला असता तर?
त्या आठवड्यात दोनदा पाव जळले माझे,
चाळीस वर्षांत कधी जळले नव्हते.

बाराव्या दिवशी मागच्या दाराशी उभा.
ओठ फुटलेला. कुणी मारलं,
त्यांनी की दुसऱ्यांनी, अजून माहीत नाही.
म्हणाला, विरजणाला खायला घातलं?
म्हटलं, आज नाही अजून.

त्याने हात धुतले. कोपरापर्यंत, न सांगता.
आकडा गेला नाही. आता तो गोंदलेला होता.
त्यावर पीठ बसलं,
घामाने निघालं,
पुन्हा बसलं.

उजाडायला अजून तीन तास होते.