मधलं रीळ

भाचा म्हणाला, मामा, लाव नंबर.
त्या गुप्तहेराचे आजवर बावीस पिक्चर,
पाच नट बदलले, मिशी एकदाच आली नि गेली,
तरी मेला अजून मरत नाही.
वहीचं पान पुढं सरकवलं त्यानं,
डावीकडे एक ते बावीस आधीच घातलेले.

मी म्हटलं, बाबा रे,
मी त्यातला एकही अख्खा पाहिलेला नाही.

अमळनेरात तेव्हा दोन टॉकीज, आणि प्रिंट एक.
इकडचं रीळ संपलं की डबा कॅरिअरला,
सुतळीचे दोन फेरे, आणि दामटायची सायकल
रेल्वेलाईनच्या पलीकडे,
जिथं तोच खेळ पाऊण तास उशिरा चालू व्हायचा.
महिना साठ रुपये. सोडा फुकट.

इकडे त्याला जुगाराच्या टेबलावर सोडून निघायचो.
परत येतो तो हा पाण्याखाली,
बाई वेगळी, कोट वेगळा,
आणि ज्याला मित्र म्हणत होता तो मेलेला.
मधलं मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही, डबा तयार असायचा.

तरी लिही.
पाणबुडीवाला शेवटी टाक. तीनदा तुटला,
लोकांनी खुर्च्यांची फडताळं उचकटली.
बर्फाचा एकविसावा... नको, थांब.
तो मे महिन्यात लागला होता.
पंखे बंद, अंगाला बनियन चिकटलेलं,
आणि पडद्यावर तो डोंगरभर घसरतोय.
खेळ सुटला तरी बायका उठेनात.
आठवा घे त्याला.
व्हिलन सारखा द्राक्षं खातो तो कुठंही घाल.

पहिल्या नंबरचं विचारतोस?
त्यासाठी गेट सांगावं लागेल.

गेटवर उखाजी बोरसे. ड्यूटी रात्रीची,
त्यामुळे टॉकीजचं तोंड त्यानं कधी पाहिलं नाही.
मालगाडी यायची म्हणून गेट पाडलेलं,
मी सायकलवर एक पाय टेकून,
आणि तो कंदील खाली ठेवून म्हणायचा,
'मंग काय व्हयनं रे?'
जेवढं पाहिलं तेवढं सांगायचो.
गाडी निघून जायची. डब्याचा लाल दिवा
धरणगावकडे बारीक होत जायचा.
गेट मात्र खालीच.
'आख्खा सांगी दे, मंग उघाडस.'

तिकडे पलीकडच्या पडद्यावर
तो दोरीला लटकलेला, दिवे लागलेले,
पब्लिक मॅनेजरची आई काढतंय,
आणि इकडे मी मधलं रीळ
तोंडानं तयार करतोय.

अशा एका रात्री पाहिलेलं सगळं संपलं.
मग मी त्याला विमानातून आपल्याकडेच उडी मारायला लावली.
टाकरखेड्याच्या शिवारात उतरवला,
छत्री कपाशीत पुरली,
मागावर चौघं, म्हणून
जिनिंगच्या कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत लपवला.
उखाजीनं बिडी विझवली.
त्याचा भाऊ जिनात हमाल होता.
'तठे लपना? मंग त्याले खोकला कसा नही उना?'

मला उत्तर सुचेना.
उद्या सांगतो म्हटलं.
पहिल्यांदाच त्यानं न मागता गेट उचललं,
आणि मागून ओरडला,
'हाऊ पिक्चर एक नंबर शे! बाकीना समदा भंगार!'

त्या वेळी मॅनेजरनं मला कानफटात दिली.
अकरा मिनिटं, म्हणाला, अकरा मिनिटं
हिरो लटकलाय तुझ्यापायी.

उखाजीची बदली झाली, नंदुरबारला की उधन्याला,
मला नवीन गेटमननं सांगितलं,
आणि त्याला पिक्चरचं काही पडलेलं नव्हतं.

भाचा मोबाईलमध्ये शोधतोय.
मामा, कापसाचा सीन कशातच नाही.
नसेल.
तू एकावर लिही, उखाजीचा.
वर्ष माहीत नाही. नट कुठलाही चालेल,
फक्त दमाचा हवा.
पंचेचाळीस वर्षं झाली,
नाकातोंडात सरकी-तंतू,
बाहेर चौघांचे बूट वाजताहेत,
आणि तो अजून
खोकलेला नाही.