वगळलेली नोंद

एकोणीस यंत्रं टांगली आम्ही सांगलीत.
काडेपेटीएवढी, पांढऱ्या प्लास्टिकच्या छत्रीखाली,
जमिनीपासून दोन मीटरवर:
आमराईत एक, विश्रामबागेत दोन,
गणपती पेठेत कापडदुकानाच्या पाटीमागे,
कुपवाडला फाउंड्रीच्या भिंतीपासून चार हात राखून,
आणि नंबर अकरा मार्केट यार्डात,
हळदीचे सौदे निघतात त्या पत्र्याखाली.

एप्रिल. दर दहा मिनिटांनी एक आकडा.
मी रात्री साडेदहाला सायकल काढते,
हातातल्या तापमापकानं भिंतींची नाडी बघत जाते.
दुपारचं ऊन सगळ्यांना सारखं, असं वाटतं.
वाटण्या रात्री कळतात.
आमराईच्या कुंपणाशी सव्वीस,
शंभर फुटीवर तीस,
आणि नव्या कॉम्प्लेक्सच्या मागल्या अंगाला
जिथं सगळ्या एसींची तोंडं गल्लीकडे आहेत,
तेहतीस.
तिथला वॉचमन भूपाल मगदूम
पेव्हिंग ब्लॉकवर दोन बादल्या मारतो, मग अंथरूण टाकतो.
"गार होत न्हाई ओ, वाफ येती नुसती.
पर मारल्याबिगर झोप येत न्हाई."

नंबर अकरा खोटं बोलायला लागलं.
आजूबाजूला एक्केचाळीस, आणि हे म्हणतंय एकोणतीस.
रोज एक ते चार. रविवार सोडून.
बॅटरी बदलली. घड्याळ तपासलं.
चिवटे सर म्हणाले, वगळून टाक,
एका यंत्रानं नकाशा अडत नाही.
पण यंत्राला रविवार कसा कळतो?

एक वाजता गेले.
पोत्यांची थप्पी, हळदीचा पिवळा धुरळा,
पत्र्याचा तडतड आवाज. तापला की तो बोलतो.
आणि थप्पीवर उभा बाबालाल जमादार,
आकडी कमरेला खोचून,
माझ्या यंत्रावर ओलं गोणपाट पांघरत होता,
तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं.

"सावलीत ठिवलंय म्हनता बाई,
पर पत्रा म्हंजे काय सावली व्हय?
लई तापतंय बिचारं.
आमी निदान पानी तरी पितो."

मी समजावलं. मापनाची पद्धत, हवेचा प्रवाह,
झाकलं तर आकडा चुकतो.
म्हटलं, ते तापायलाच ठेवलंय मामा,
त्याचं कामच आहे ते.
तो हसला. गोणपाट काढून पिळलं,
स्वतःच्या मानेवर टाकलं.
"मग आमच्यासारकंच की."

सायकलला किल्ली लावायला मला वेळ लागला.

त्यानंच सांगितलं हरिपूरच्या पेवांचं.
बाप उतरायचा त्याचा, हळद काढायला,
आधी कंदील सोडायचे दोरानं,
विझला तर माणूस सोडायचा नाही.
बहुतेक पेवं पुरात बुजली.
एक दाखवलं कुणीतरी, तोंडाशी घाणेरी माजलेली.
मी सुतळीला तापमापक बांधून सोडला.
वर चाळीस होते. खाली सव्वीस.
सुतळी बराच वेळ वर ओढली नाही.

महापालिकेत नकाशा लावला, लाल-नारिंगी.
एकानं विचारलं, आमचा वॉर्ड एवढा लाल का,
रंग जरा फिका करता येईल का?
रंग करता येईल, म्हटलं. छताला. पांढरा.
हसले सगळे. चहा आला, उकळता.

आज अहवालाचं परिशिष्ट भरतेय.
नंबर अकरा, सतरा दिवस, एक ते चार: वगळलेली नोंद.
कारणाच्या रकान्यात तीसच अक्षरं मावतात.
आधी लिहिलं, 'मानवी हस्तक्षेप'.
खोडलं.
'बाबालाल जमादार, हमाल, यांनी सावली केली.'
बारा अक्षरं उरली.
पत्र्याचं काय करायचं
ते तेवढ्यात बसवून बघतेय.