एकच रकाना

तुलिआराच्या प्रयोगशाळेत हाइंगू दोन पाकिटं
शेजारी शेजारी ठेवते.
दोन्हींवर नाव एकच : सदाफुली.

पहिलं हॉटेलच्या बागेतलं.
पाइपाने रोज पाणी, शेणखत,
दुपारी जाळीची सावली.
पानं तुकतुकीत, फुलं इतकी
की पाहुणे वाकून फोटो काढतात.
यंत्र कागदावर रेघ ओढतं,
ती जिथे उंच जायला हवी
तिथे उचकी लागल्यासारखी जरा हलते,
संपलं.

दुसरं सुआनावीने आणलं,
अंद्रुईहून, दोन दिवस ट्रकच्या टपावर बसून.
तिकडे अकरा महिने ढग फिरकलेला नाही.
वाळूत वीतभर रोप,
पानं नखाएवढी, कडेने करपलेली,
फूल एक, तेही विटकं.
काटे जाळून दिले तर शेळ्या निवडुंगही खातात;
याला हुंगून पुढे जातात.

आता रेघ चढते. चढतच राहते.
कागद अपुरा पडतो.

"म्हणजे औषध यात जास्त?"
हाइंगू मान हलवते.
"मग पैसेही जास्त?"

पावतीपुस्तकात रकाना एकच : किलो.
आणि वाळलेलं काट्यावर
भरून भरून किती भरणार?

सुआनावी एक पान चिमटीत चुरते,
जिभेला लावते.
"पाऊस नसला की आई हेच द्यायची चघळायला.
भूक मरते."
खिडकीबाहेर थुंकते,
अंगावरच्या कापडाने ओठ पुसते.
"बरं, किती भरलं
तेवढं सांग."