विटकरी कोट

शाळेकडे कोट सात आहेत, मुलं एकोणीस.
कपाटाची किल्ली माझ्याकडे असते,
वेल्डिंगच्या वर्गामागे, गॅसच्या टाक्यांपलीकडे.
विटकरी रंग. छातीवर हुन्नर संघाचं चिन्ह:
हातोडा, दातेरी चाक, आणि उगवता सूर्य
जो धुऊन धुऊन मावळतीला लागलाय.

तिसऱ्या कोटाच्या अस्तरात नावं आहेत.
पहिलं कुणी लिहिलं ठाऊक नाही,
मी परवानगी दिली नव्हती.
व्हर्लिन, प्लंबिंग, शहाण्णव.
डेल्सी, केशकला, राज्यात तिसरी.
एकाने नाव न घालता नुसतंच लिहिलंय:
बाही आखूड आहे, हात खिशात ठेव.

यंदा तो रोएना टॅकेटकडे आला.
खाण बंद पडली त्या हिवाळ्यात जन्मलेली पोर,
बाप ट्रक घेऊन ओहायोपर्यंत जातो,
आणि ही केंटकीच्या आमच्या खोऱ्यात
शेजाऱ्यांची फाटकं जोडते, ट्रेलरचे आकडे,
एकदा चर्चच्या घंटेचा तुटका कान.
पैसे नसतील तर अंडी घेते.
तिचा टाका मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा
माझ्याजवळचं शिकवण्यासारखं संपलं, असं नाही,
पण गप्प बसायला मी त्या दिवशी शिकलो.

राष्ट्रीय स्पर्धा कॅन्सस सिटीला. बारा तास बस.
सभागृह एवढं, की आमचं अख्खं गाव
कब्रस्तानासकट आत मावलं असतं.
एकीकडे पोरं विटांची भिंत रचत होती,
जी संध्याकाळी पाडायचीच होती.
पलीकडे टाय बांधलेला सोळा वर्षांचा मुलगा
परीक्षकांना सांगत होता: तिसऱ्या वर्षापासून नफा.
आणि मध्ये साठ पडदे, साठ निळ्या ज्वाळा,
दोरीच्या अलीकडे आम्ही मास्तर,
ज्यांना बोलायला बंदी.

चांगला टाका दिसण्याआधी ऐकू येतो,
कढईत चरबी एका लयीत तडतडावी तसा.
साठांतून मला तिचा ओळखू आला
असं मी घरी सांगितलं.
ते खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी धंद्याची मुलाखत.
परीक्षक बाईंच्या कानात मोती.
"फाटकाच्या बिजागरीचा दर काय?"
"पस्तीस डॉलर."
"आणि एखाद्याकडे नसतील तर?"
"तर गाय रस्त्यावर जाईल."
"म्हणजे?"
"म्हणजे आधी बिजागरी."

शेरा: दराचं धोरण अस्पष्ट.
टाक्याला शंभरात अठ्ठ्याण्णव,
बेरजेत सतरावी.

मंचावर दहाजणांना बोलावलं, वरून चमकी पडली.
रोएना उभी राहून टाळ्या वाजवत होती,
मनगटं बाहेर, भाजल्याचे डाग सगळ्यांना दिसतील असे.

परतताना बसमध्ये मी वाक्य जुळवत बसलो.
हरणं म्हणजे काय, इथवर येणं म्हणजे काय,
चाळीस पोरांना सांगून झालेलं, गुळगुळीत.
तिनं दरपत्रक मांडीवर घेतलं होतं.
पस्तीस खोडून चाळीस केले,
आणि खाली बारीक अक्षरात:
अंडी चालतील. डझनाने.
मी खिडकीतून मिसूरी बघत राहिलो,
बघण्यासारखं फारसं नव्हतं.

ऑगस्टमध्ये कोट धुवायला काढले.
अस्तरात तिचं नाव शोधलं, उजेडात धरून शोधलं.
नव्हतं.
पण डावा खिसा, डेल्सीच्या वेळेपासून उसवलेला,
शिवलेला होता.
वेल्डिंगच्या हातमोज्याचा तो पिवळा दोरा,
आगीला न भिणारा,
आणि टाके एकावर एक किंचित कललेले,
सरकत्या नाण्यांच्या चवडीसारखे.

धातू तपासतात तसा मी खिसा वाकवून पाहिला,
मग ओढून,
मग पुन्हा, जोर लावून.

किल्ली फिरवली.
सप्टेंबरात एकवीस मुलं येतायत.
कोट सातच.