उजवं मागचं चाक

रोज सकाळी पंचवीस.
रात्री तेहतीस भरलेली असते, मी स्वतः,
पेट्रोल पंपावरच्या त्या खोकणाऱ्या यंत्रात
दोन डॉलरची चिल्लर टाकून,
एक गुडघा बर्फात टेकून.
सकाळी पुन्हा पंचवीस.
आठ पौंड हवा रात्रीतून कुठे जाते
ते डुलुथच्या या उतरत्या गल्लीत कुणी पाहिलेलं नाही.

गाडी आमची नाही.
तीन वर्षांचा करार, छत्तीस हप्ते,
शुक्रवारी दोनला किल्ली द्यायची आणि सुटायचं.
भाड्याचं घोडं ओझ्यानं मरतं म्हणतात.
आमचं वाऱ्यानं मरत होतं,
तेही दारात पोचवायच्या वेळी.

मी म्हटलं, आयनेझ, सोपं आहे.
दीडला हवा भरू, दोनला देऊ, सव्वादोनला बसमध्ये.
चाक बसेपर्यंत आपण घरी सूप पीत असू.
करारात झीज आहे, ओरखडे आहेत, काच आहे.
हवेबद्दल अक्षर नाही.

ती कांदा चिरत होती. चिरत राहिली.
"आणि पुढची बाई?"
कुठली बाई?
"जी ही गाडी घेईल. टू हार्बर्सच्या रस्त्याला, रात्री,
मागे मूल झोपलेलं."
अगं, ते तपासतात. त्यांचं कामच ते.
"तुझंही होतं की," ती म्हणाली,
आणि पातेल्यात कांदा लोटला.

सव्वीस वर्षं मी लिफ्ट तपासल्या.
तपासल्या, असं लिहिलं.

बुधवारी तोइवोकडे गेलो.
दुकानात रबराचा आणि शिळ्या कॉफीचा वास,
गेल्या वर्षीचं कॅलेंडर, त्यावर एक मासा.
त्यानं चाक काढून हौदात बुडवलं.
मला खिळा हवा होता. खरं सांगतो.
खिळा निघाला की तो कुणाचा तरी असतो,
समोरचं छप्पर ठोकणाऱ्यांचा,
नाहीतर नशिबाचा.
बुडबुडे आले, पण भोकच नव्हतं.
रबर जिथे धातूला टेकतं त्या कडेनं,
बारीक, सलग,
दूध तापताना पातेल्याच्या काठाला येतात तसे.

"मीठ," तोइवो म्हणाला.
तीन हिवाळे रस्त्यावर फेकलेलं मीठ
आतून कडा खात बसलं होतं.
नवा टायर घ्यावा लागेल?
"छे." तारेचा ब्रश, काळ्या डिंकासारखं काहीतरी, बावीस डॉलर.
अकरा रात्रींची चिल्लर मी मनात मोजली
आणि घरी सांगायची नाही असं ठरवलं.

गुरुवारी तेहतीस.
शुक्रवारी तेहतीस.

टॅबलेट घेऊन जी मुलगी आली तिचं नाव ब्रिएल,
असं तिच्या छातीवर लिहिलं होतं. विशीची, नाक लाल.
तिनं पुढच्या टायरांची झीज मोजली,
दारावरच्या ओरखड्याचा फोटो काढला,
डावं मागचं पाहिलं,
आणि उजव्याकडे वळता वळता तिचा फोन वाजला.
बोलत बोलतच तिनं बरोबरची खूण केली.
हो, चारही ठीक.

आयनेझनं माझं कोपर धरलं,
ओढायला की थोपवायला, कळलं नाही.
"ते एक राहिलं," मी म्हणालो.
मुलीला वाटलं, म्हातारा काहीतरी लपवतोय.
वाकली. बघितलं. हवाही मोजली.
"यात काहीच नाही," म्हणाली, किंचित निराश.

बसला वीस मिनिटं होती.
थांब्यावर मीठ पसरलेलं, बुटांखाली करकरणारं.
खिशात हवा मोजायची कांडी तशीच राहिलेली.
मी म्हटलं, फर्स्ट स्ट्रीटवरची ती इमारत आठवते,
सात मजल्यांची, तुझा दातांचा डॉक्टर होता ती?
"लिफ्ट फार हळू होती," ती म्हणाली.
एका वर्षी, मी म्हटलं,
मी तिथे गेलोच नव्हतो.

ती माझ्याकडे वळली नाही.
बस येते त्या बाजूला बघत म्हणाली,
"कुठल्या वर्षी?"