बशी

हूरा भागात एक हॉटेल आहे, दोन ताऱ्यांचं.
त्यातला एक तारा रात्री लागत नाही.
खाली लाँड्री, तिसऱ्या मजल्यावर बार.
लिफ्टमध्ये ओल्या गालिच्याचा वास आणि एक पाटी :
राष्ट्रीय पोशाखात प्रवेश नाही.
मी कधीच राष्ट्रीय पोशाखात नसतो.
इस्त्री उडालेली पँट, खिशात मोजपट्टी.
ऑगस्ट होता, खोलीतला एसी दोन दिवस मेलेला,
मी थंडाव्यासाठी वर गेलो.
बिअर हे त्याचं भाडं.

अशा जागी माणूस काय धरून चालतो?
चार जणांचे हात लागलेले खारे दाणे,
कडेने वाळलेली काकडी,
पडद्यावर भलत्याच दोन देशांचं क्रिकेट, आवाज बंद.

मारिसेलनं न विचारता बशी ठेवली.
तळहाताएवढी,
कप फुटल्यावर मागे उरते तशी.
चणे होते. उकडलेले.
एवढंच ना, म्हणून मी मोबाईल काढला,
चार दाणे तोंडात टाकले
आणि मोबाईल परत खिशात ठेवला.

काळं लिंबू होतं त्यात,
उन्हात दगड होईस्तोवर वाळवलेलं, मग कुटलेलं.
आंबटपणा उशिरा आला,
आधी जिन्यात पावलं वाजावीत तसा.

दुसऱ्या बशीत कलेजी, डाळिंबाच्या रसात काळवंडलेली,
तीनच तुकडे.
तिसरीत कांद्यात परतलेलं काही बारीक, गुलाबी.
मी वाकून पाहिलं.
जवळा!
जवळाच,
पण खोबरं जरा जास्त भाजलेलं
आणि तळाशी अडकलेलं एक लांब पान,
ज्याला आमच्याकडे नाव नाही.

कोण करतं हे?
तिनं बाटल्यांमागच्या खिडकीकडे हनुवटी केली.
खिडकी वीतभर उंच.
चेहरा मावत नाही तीत,
दोन हात दिसतात, आणि एप्रनची गाठ.
सुगतदास. श्रीलंकेतल्या माताराचा. अकरा वर्षं इथेच.

मी डक्टच्या पत्र्याचा हिशेब करणारा,
डोकं चौरस मीटरमध्येच चालतं.
म्हटलं, हे तिसरं मोठ्या ताटात दे, भातावर,
काय होतील ते दिनार घे.
खिडकीतून आवाज आला :
"बडा नहीं बनता."
भांडं नाही का?
"भांडा है. बडा मांगता तो सामने अफगानी होटल है."

आठवडाभर मी ऑफिसात तीच फुशारकी मारली,
आणि पेडणेकरला घेऊन गेलो.
दाणे आले.
खारे.
खिडकीला पत्रा लावलेला.
पेडणेकर काही बोलला नाही,
बोलला असता तर बरं झालं असतं.
मारिसेल म्हणाली, आज पौर्णिमा,
तो आज देवळाच्या खोलीत असतो,
पांढरे कपडे घालून, बाकीच्यांबरोबर.

तेव्हापासून बारला जाताना मी तिथी बघतो.
आमच्या सात पिढ्यांत असा पहिलाच.
पौर्णिमा त्याची, संकष्टी माझी,
अधले तीन दिवस दोघांचे.
बायको फोनवर विचारते, आज काय आहे हो?
मी बिनचूक सांगतो : कृष्ण द्वितीया.
तिला वाटतं, माणूस तिकडे जाऊन सुधारला.

काल गेलो तर नवीन बशी.
फणसाच्या आठळ्या, भाजून,
मिऱ्याच्या जाडसर पुडीत घोळवलेल्या.
सवयीनं मोजल्या : सात.
सहा खाल्ल्या, सावकाश,
एकीचं साल दातात अडकलं तेही चघळलं.
सातवी तशीच ठेवून
बशी मारिसेलच्या हाती खिडकीकडे परत पाठवली.
दोन हात थांबले.
एप्रनला पुसले गेले.

थोड्या वेळानं बशी माझ्यासमोर आली,
तिच्यावर
नुसतं साल.