दिवा : आहे

बंदर खात्याचा माणूस आला तेव्हा सुकती लागली होती.
त्याची लाँच धक्क्यापासून चाळीस वावांवर चिखलात टेकली
आणि हळूच कलली,
म्हातारं कुत्रं कलंडतं तशी.
त्याने तिथूनच ओरडून विचारायचं ठरवलं.
फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत, पेन्सिल दोरीने गळ्यात,
आणि मध्ये उत्तरेचा वारा,
कुणी न बोलावलेल्या दुभाष्यासारखा.

"धक्का केवढा?"
फळ्या होत्या अठरा. तीन इदुविनाच्या चुलीत गेल्या.
तिने चोरल्या नाहीत,
वादळात सुटून त्याच तिच्या दारात आल्या होत्या.
ओत्मारो ओरडला, "पुरेसा!"

"खोली?"
"आत्ता, की पहाटे?"
त्याने काय लिहिलं, देव जाणे.

"बर्फ?"
यंत्र आहे. मागच्या निवडणुकीआधी आलं, कपाटाएवढं.
वीज दिवसाला तीन तास, त्याला लागतात आठ.
आता त्यात रुदेसिंदोच्या कोंबड्या अंडी घालतात.
एवढं ओरडून सांगणार कोण?
"यंत्र आहे!"

"इंधन?"
"लाँच आली की!"
"कधी येते?"
"तुम्ही नाही आणलंत?"

मला वाटलं, आता तो हवेचं विचारेल.
आम्ही अकरा जण बुडी मारतो, तळातल्या काटेरी एरिसोसाठी,
तोंडात पिवळी नळी, वर होडीत बीअरच्या पिंपाचा कॉम्प्रेसर
आणि त्याच्यावर डोळा ठेवायला कुणाचं तरी पोरगं.
एकदा ते झोपलं.
अठ्ठावीस मीटरवरून मी घाईने वर आलो.
म्हणजे मी आलो,
डावा पाय अजून वाटेत आहे.
रक्तातले बुडबुडे निववायची खोली शहरात,
बोटीने चौदा तास, वारा मानला तर.
तो रकाना त्याच्या फॉर्मात नव्हता.
मी हात वर केला,
त्यानेही हात हलवला, ओळख असल्यासारखा.

"दिवा?"
इदुविना छाती फुटेस्तोवर ओरडली,
"दिवा आहे कुठे!"
दोन उधाणांमागे खांबासकट गेला होता तो.

मग बराच वेळ तो गप्प.
मग फॉर्मात न बघता, वेगळ्याच आवाजात,
"इथे... संडास आहे का?"

ओत्मारो मांडीभर चिखलातून गेला
आणि सरकारला पाठकुळी घेऊन आला.
संडास पाण्यावर, चार खांबांवर. दाराला कडी नाही,
आत असलं की शीळ घालायची, एवढाच नियम.
सुरुवातीला तो लाजला.
मग आतून आली, राष्ट्रगीताच्या जवळपासची काहीतरी चाल.
आम्ही टोप्या काढाव्यात की काय, कळेना.

जेवला. बटाटे, माशाचं कालवण,
चहाच्या रंगाचं आमचं पाणीही प्यायला.
भरती आली, लाँच सरळ झाली.
जाताना इदुविनाने आठ अंडी दिली,
"बर्फाच्या यंत्रातली," म्हणाली.
तो हसला. त्याला विनोद वाटला.

पुढच्या शरदात छापील नकाशा आला.
आमच्या नावापुढे जांभळी खूण, थेंबाएवढी.
दिवा : आहे.
"कुठे" तेवढा वाऱ्याने खाल्ला होता.

आम्ही पोट धरून हसलो.
रुदेसिंदो तेवढा हसला नाही.
म्हणाला, परका कुणी, रात्री,
या कागदावर विसंबून आत वळला तर?

पत्र पाठवलं. उत्तर नाही.
तेव्हापासून पाळ्या लागल्यात.
मंगळवार माझा.
धक्क्याच्या टोकाला, पंधराव्या फळीवर,
कंदील बांबूला बांधून मी उभा राहतो.
उभं राहायला माझा पाय चालतो,
चालायलाच तेवढा चालत नाही.

अजून कुणी आलेलं नाही.
रॉकेल कुणाच्या खात्यावर मांडायचं
यावरून मात्र रोज भांडण होतं.